कलम अकरा

वकीलबाई डोंगरवार उमरेडच्या कोर्टासमोर बसतात,
झेरॉक्सवाल्याच्या वर, लोखंडी जिन्यानं.
जिना हलतो. आम्ही तिघी एकदमच चढलो
तर खालून तो ओरडला, "एकेक जण चढा वं माय!"

पहिला प्रश्न : धंदा काय?
मी म्हटलं, मिरची.
"मिरचीचं काय?"
आता काय सांगावं. सोळा वर्षं सातऱ्यावर बसून
दुसऱ्याच्या मिरचीचे देठ खुडले, किलोवर पैसे.
संध्याकाळी ताकात हात बुडवून बसायचं,
लेकराच्या डोळ्याला बोट लागू द्यायचं नाही.
एवढ्याला त्या कागदावर एक ओळ होती.
बाईंनी लिहिलं : मिरची व मसाले, निवडणे, वाळवणे, दळणे, विक्री.
शेवंता म्हणाली, "विक्री शेवटी काऊन? थेच तं पयले पायजे."

भांडवल.
माझे बावीस हजार, गटाचं कर्ज फेडून उरलेले.
नलूचं कांडपयंत्र, भावानं दिलेलं, पट्टा नवा.
शेवंता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती,
सोडत होती, परत गुंडाळत होती.
"माह्यापाशी नाक हाये," म्हणाली.
आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.
आणि खरंच आहे तिचं. पोतं उघडायच्या आधी सांगते
ओल कुठं राहिली, जुना माल कुठं मिसळला,
भिवापुरी कोणती आणि भिवापुरीच्या नावावरची कोणती.
बाईंनी लिहिलं : तिसऱ्या भागीदाराचे कौशल्य व श्रम.
नफ्यात तिसरा हिस्सा. तोट्यातही.
"तोट्यातबी?" नलूनं विचारलं.
शेवंता म्हणाली, "तोट्यात तं मी पयल्यापासूनच हावो."

नाव जय दुर्गा ठरवून आणलं होतं.
बाईंनी कपाट उघडून दाखवलं, चार जय दुर्गा
सुतळीनं बांधून ठेवलेल्या.
मग नलूच म्हणाली, सातरा. सातरा मसाले.
त्या जागेचं नाव काढलं तरी जी थुंकते, ती नलू.

कलम अकरा बाईंनी दोनदा वाचलं.
एखादी मेली तर. एखादी सोडून गेली तर.
पटलंच नाही तर, यंत्र कोणाचं, नाव कोणाचं,
हिशेब किती दिवसांत.
पंखा वाजत होता. खाली झेरॉक्स चालू होतं.
शेवंता हळूच म्हणाली, "लग्नाच्या येळीबी
हे पयलेच लिहून घ्यायले पायजे होतं."
यावर मात्र बाई हसल्या, चष्मा काढून.

आम्ही दोघींनी सह्या केल्या. तिचा अंगठा.
तीनदा घेतला, तीनदा नुसता निळा डाग,
एक रेघ म्हणून नाही. मिरचीनं खाऊन टाकलेल्या.
"असा कागद नागपूरहून वापस येईल," बाई म्हणाल्या,
"दहा दिवस मिरचीला हात लावू नका."

दहा दिवसांची मजुरी कोण देतं?
मी आणि नलूनं तिच्या वाट्याचे देठ खुडले,
रोज अर्धा घंटा उशिरा घरी, रोज त्यावरून बोलणी खाल्ली.
ती घरी बसून जवसाचं तेल चोळायची
आणि रोज संध्याकाळी बोट दाखवायला यायची,
बाळंतीण लेकरू दाखवते तशी.
अकराव्या दिवशी रेषा दिसल्या.
बारीक, जवळजवळ, नुकतंच डवरलेल्या वावरात तास दिसतात तशा.

बाईंनी फी अर्धी घेतली,
अर्धी डायरीत लिहून ठेवली, माफ नाही केली.
बरं वाटलं.
नोंदणी झाली तेव्हा अर्धा किलो तिखट
त्यांनीच विकत घेतलं, पावती मागून.
पावती नंबर एक. माझं अक्षर कापलेलं.

दाखला घेऊन आलो तर शेवंतानं तो
आधी नाकाशी धरला.
शिक्का, सही, नंबर, काही पाहिलं नाही.
"याले ओल हाये," म्हणाली. "उन्हात ठेवा घडीभर."
मग अंगणात, मिरचीच्या बाजूला,
चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवून
आम्ही तो वाळत घातला.